सांधा बघून घेतलेलं चांदीचं शिंग

शिकारीचं जुनं चांदीचं शिंग विकत घ्यायचं असेल तर त्यावरचं खोदकाम सगळ्यात शेवटी बघा. आधी सांधा बघा, मग कड, मग माऊथपीस, आणि मग ते तोंडाला लावून वाजवा. शिंग हे वाजवायचं हत्यार आहे. ते वाजत नसेल तर तो नुसता चांदीचा नळकांडा, कितीही शिक्के असोत.

मी घेतलेलं शिंग लंडनच्या 'स्वेन अँड अ‍ॅडनी' या पेढीचं आहे. चांदीवरचा शिक्का १९१० सालचा. लांबी २३ सेंटिमीटर, तोंड पसरट पण व्यास पाच सेंटिमीटरच्या आत, वजन माझ्या काट्यावर १३२ ग्रॅम. आठशे पौंडांच्या आत मिळालं. नुसत्या चांदीच्या भावानं बघितलं तर यातला थोडासाच हिस्सा वसूल होईल, बाकी सगळी घडणावळ. त्या घडणावळीचे पैसे देताना मला जरासुद्धा जड गेलं नाही, आणि का ते सविस्तर सांगते.

माझं माहेर चांदीच्या दागिन्यांच्या हुपरीचं. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीत पैंजणाच्या कड्या झाळल्याचा, टाकणखाराचा आणि तापलेल्या चांदीचा वास सकाळपासून असायचा. मी आता बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये जुन्या चांदीच्या वस्तू दुरुस्त करते. चहाच्या किटल्यांच्या तोट्या, मेणबत्तीचे स्टँड, फोटोफ्रेम, असलं काम. शिंगं माझ्या बेंचवर अधूनमधून येतात, बहुतेक कड चेपलेली. दुसऱ्याच्या शिंगाचे पोचे काढता काढता एक आपलं असावं असं वाटायला लागलं.

शिंग एवढं छोटं का, हे आधी कळायला हवं. इंग्लंडातली कोल्ह्याची शिकार म्हणजे पुढं हाउंड जातीच्या कुत्र्यांचा तांडा, त्यांना सांभाळणारा हंट्समन घोड्यावर, आणि मागून बाकीचे स्वार. कुत्री एकदा झुडपांत शिरली की दिसत नाहीत. त्यांना बोलवायचं, चेतवायचं, परत फिरवायचं ते शिंगावर. हंट्समनच्या हातात लगाम आणि चाबूक असतो, घोडा कुंपणावरून उडी मारत असतो. अशा वेळी चटकन काढता येईल आणि चटकन खोचता येईल असंच शिंग उपयोगाचं. म्हणून ते खोगिराला लटकवलेल्या कातडी म्यानात नाहीतर कोटाच्या दोन बटणांच्या मध्ये मावेल एवढंच, सरळ, वीतभर.

रोजच्या वापराची शिंगं तांब्याची असत आणि अजून असतात. माऊथपीस तेवढा चांदीचा किंवा जर्मन सिल्व्हरचा, कारण तांब्याला थुंकी लागली की ते कळकतं आणि ओठांना हिरवट डाग पडतो. अख्खं चांदीचं शिंग हे मात्र मानाचं. एखाद्या हंटचा, म्हणजे शिकारमंडळाचा, मास्टर निवृत्त झाला, हंट्समननं वर्षानुवर्षं चाकरी केली, की सभासद वर्गणी काढून असं शिंग करवून घेत आणि त्यावर मजकूर खोदून देत. मग ते घरातल्या कपाटावर जाऊन बसे आणि नोकर दर आठवड्याला ते पुसत. त्यामुळे वाजवून झिजलेलं चांदीचं शिंग क्वचित दिसतं. पुसून झिजलेली मात्र पुष्कळ. अक्षरं गुळगुळीत, शिक्के अर्धे पुसलेले, कडा कागदासारख्या पातळ. चांदी मऊ असते आणि कौतुकानं पुसणाऱ्याला ती नाही म्हणत नाही.

खरेदी झाली लंडनच्या सिल्व्हर व्हॉल्ट्समध्ये. चॅन्सरी लेनवर, रस्त्याच्या खाली उतरून जायचं. १८८५ मध्ये ही जागा श्रीमंतांच्या चीजवस्तू ठेवायला सेफ डिपॉझिट म्हणून उघडली. हळूहळू चांदीचे व्यापारी आपला माल इथं ठेवायला लागले. दुसऱ्या महायुद्धात वरच्या इमारतीवर बॉम्ब पडला, पण तळघर शाबूत राहिलं. आता खाली चांदीच्या व्यापाऱ्यांची दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकान म्हणजे एक तिजोरी, जाड पोलादी दरवाज्यासकट. आत जायला पैसे पडत नाहीत. काही घ्यायचं नसलं तरी एकदा जाऊन या. एका जागी इतकी जुनी चांदी, आणि तीही हातात घेऊन बघता येण्यासारखी, मला दुसरीकडे आढळली नाही.

ज्या दुकानातून मी शिंग घेतलं तिथल्या बाई वयस्क. मी आल्या आल्या भिंग काढलं तर त्यांनी दिवा जवळ ओढून दिला. काट्यावर वजन करून दाखवलं. कडेला एका जागी पूर्वी पोचा काढलेला आहे, हे मी विचारायच्या आधी सांगितलं आणि पुढे बिलावरही लिहून दिलं. वाजवून बघू का म्हटल्यावर त्यांनी उठून पोलादी दरवाजा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "आता वाजवा." जुन्या वस्तूंच्या व्यापारात गिऱ्हाईकाला वस्तू अशी तपासू देणारा माणूस भेटला की निम्मं काम झालं. भावही थोडा उतरला, पण तो मी फार ताणला नाही.

आता शिक्के. इंग्रजी चांदीवरचे शिक्के वाचता आले तर वस्तू आपली जन्मतारीख स्वतः सांगते. माझ्या शिंगावर नळीच्या बाजूला ओळीत चार आहेत. चालणारा सिंह, म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. हुपरीच्या हिशेबानं साडेब्याण्णव टंच. हा सिंह १५४४ पासून चालत आला आहे. दुसरा बिबट्याचा चेहरा, म्हणजे तपासणी लंडनला झाली. बर्मिंगहॅमला झाली असती तर जहाजाचा नांगर असता. आमच्या गावचं तपासणी कार्यालय १७७३ पासूनचं आहे. तिसरं साल सांगणारं अक्षर, छोटं 'पी'. लंडनला १८९६ मध्ये छोट्या 'ए'पासून फेरा सुरू झाला, मधलं 'जे' गाळत, त्यामुळे 'पी' येतो १९१० वर. हे अक्षर तेव्हा मे महिन्यात बदलत असे, म्हणून वस्तू १९१० च्या मेपासून १९११ च्या मेपर्यंत कधीही तपासली गेलेली असू शकते. चौथा शिक्का घडवणाऱ्याचा, म्हणजे तपासणीला ज्यानं वस्तू पाठवली त्याचा. अनेकजण विचारतात की राणीचं डोकं का नाही. ते डोकं चांदीवरचा कर भरल्याची खूण होती. कर १८९० मध्ये उठला आणि डोकंही गेलं. त्यानंतरच्या शिंगावर ते नसणं हेच बरोबर.

माऊथपीसवरही एक बारीक सिंह आहे, दाण्याएवढा. तो सापडला तेव्हा मला फार बरं वाटलं. या शिंगांचे माऊथपीस घोड्यावरून पडून तुटत आणि नंतर कुणीतरी दुसऱ्याचा आणून बसवत असे. अशी जोडलेली शिंगं बाजारात बरीच आहेत. दोन्ही भागांवर खूण असली आणि दोन्हीकडची झीज सारखी असली तर मूळचा संसार अजून टिकून आहे असं समजायला हरकत नाही.

नळीवर पेढीचं नाव आणि पत्ता कोरलेला आहे: १८५, पिकाडिली, लंडन. स्वेन अँड अ‍ॅडनी मुळात चाबूक करणारे. १९०७ मध्ये त्यांनी 'क्योलर अँड सन' ही शिकारीची आणि घोडागाडीची शिंगं करणारी नामांकित पेढी आपल्यात घेतली. माझं शिंग त्याच्या तीन वर्षांनंतरचं. म्हणजे पिकाडिलीच्या नावाखाली बहुधा क्योलरकडच्याच कारागिरांचा हात असणार. माझ्या बेंचवर क्योलरचं एक जुनं तांब्याचं शिंग येऊन गेलं होतं. त्याचा उतार, म्हणजे नळी ज्या वेगानं रुंदावत जाते तो, आणि याचा उतार मी मापून ठेवला आहे. दोन्हींत फरक धरण्यासारखा नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या सांध्याकडे येते.

असं शिंग ओतीव नसतं. पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा चांदीचा पत्रा घ्यायचा, तो लांबट पंख्याच्या आकारात कापायचा, निमुळत्या पोलादी गजाभोवती गुंडाळायचा, आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडवून लांबच्या लांब डाग द्यायचा, म्हणजे झाळून जोडायचं. मग पुन्हा गजावर चढवून हातोडीनं मठारायचं, कानस फिरवायची, घोटायचं. ऐकायला सोपं आहे. पण पंखा कापताना एका बाजूला केसभर जरी जास्त कापला गेला तर सांधा सरळ न राहता नळीभोवती तिरका फिरतो, नळी एका अंगाला ओढली जाते आणि आतलं पोकळ अंग गोल राहत नाही. झाळताना उष्णता कुठं जास्त लागली तर पत्रा बसतो, कुठं कमी लागली तर झाळ, म्हणजे सांधा जोडणारा वितळलेला धातू, आत ओढली जात नाही आणि सुईच्या अग्राएवढं भोक राहतं. एवढ्याशा भोकानं शिंगाचा जीव जातो. हवा फुटते आणि आवाज फाटतो.

बाहेरून या शिंगाचा सांधा डोळ्यांना दिसत नाही. थंड चांदीवर तोंडानं हलकी वाफ सोडली की मात्र क्षणभर दिसतो. झाळेत शिंगाच्या चांदीच्या तुलनेत दुसऱ्या धातूंचा भाग जास्त असतो, वाफ तिच्यावर वेगळी बसते आणि एक केसासारखी रेघ उमटून विरून जाते. हीच युक्ती दुरुस्त्या शोधायला आणि पुसून टाकलेली जुनी नावं शोधायला वापरतात. ज्या जागी अक्षरं घासून काढलेली असतात तिथं वाफ जाताना त्या जागेची सीमा दिसते, आणि अंगठ्यानं दाबलं तर पत्रा तिथं लवतो. माझ्या शिंगावर वाफेनं फक्त दोन गोष्टी दाखवल्या: सांध्याची रेघ, आणि कडेपाशी बाईंनी आधीच सांगितलेली दुरुस्ती.

घरी आल्यावर माहेरी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी उभा जन्म चांदी झाळण्यात घालवला, आता डोळे साथ देत नाहीत. मी शिंग कॅमेऱ्यासमोर फिरवलं. त्यांनी ना साल विचारलं ना किंमत.

"सांधा कुठाय?"

"आहे अण्णा, बाहेरनं दिसत नाही."

"मग आत बॅटरी मार की."

मी शिंगाच्या तोंडातून टॉर्च धरला आणि कॅमेरा जवळ नेला. आतल्या अंगाला सांध्याची रेघ स्पष्ट दिसते, कारण तिथं घोटणी पोचत नाही. रेघ माऊथपीसच्या अंधारापासून थेट तोंडाच्या कडेपर्यंत सरळ आलेली. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"सरळ आलीया. टोकापासनं टोकापतोर. पत्रा कापताना चुकला न्हाई गडी," ते म्हणाले. मग विचारलं, "एका दमात झाळलंय का?"

मला तेच वाटतं. मध्ये थांबून पुन्हा पेटवलं की झाळेचा थर जाड होतो, तसा जाड थर कुठंच नाही. मग अण्णांनी विचारलं की माऊथपीस आधी बसवला की नळी आधी झाळली. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं. आधी लांब सांधा कडक झाळेनं, म्हणजे जास्त उष्णतेला वितळणाऱ्या. मग नळीवरचा पट्टा त्याहून नरम झाळेनं. शेवटी माऊथपीस सगळ्यात नरम झाळेनं. नाहीतर दुसरा डाग देताना पहिला सुटतो. हुपरीत पैंजणाला कडी, कडीला घुंगरू लावताना हाच क्रम असतो. पिकाडिलीच्या त्या कारागिराला आणि माझ्या आज्ज्याला एकमेकांचं नावही कधी कळलं नसतं, पण दोघं शेजारी बसले असते तर न बोलता एकमेकांच्या हातात सवाणी, म्हणजे चिमटा, दिली असती.

हवा फुटते का ते बघायची सोपी तपासणी आहे. शिंगाचं तोंड तळहातानं घट्ट बंद करायचं आणि माऊथपीसमधून हलकेच हवा ओढायची. तळहाताला ओढ जाणवली आणि ती टिकली तर सांधा घट्ट. माझ्या शिंगाला तळहात चिकटून राहिला. दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी ही तपासणी आहे, आणि कुठल्याही प्रामाणिक व्यापाऱ्यानं तिला हरकत घेऊ नये.

तोंडाच्या कडेला बाहेरून अर्धगोल तार बसवलेली आहे. ती शोभेसाठी नाही. पत्रा इतका पातळ असतो की तारेवाचून कड पहिल्याच आपटण्यात मुडपते आणि नंतर चिरते. तारेची दोन टोकं जिथं भेटतात तो सांधा नळीच्या सांध्याच्या बरोबर समोरच्या बाजूला ठेवला आहे, म्हणजे दोन कच्च्या जागा एका रेषेत येत नाहीत. कुणी बघणार नाही अशा ठिकाणी एवढा विचार केलेला आहे. मी तिथं भिंग ठेवून बराच वेळ बसले होते.

पृष्ठभागावर काही ठिकाणी जांभळट-करडी झाक आहे. नव्या माणसाला तो डाग वाटतो आणि तो घासायला लागतो. स्टर्लिंगमध्ये साडेसात टक्के बहुतेक तांबंच असतं. चांदी तापवली की ते तांबं पृष्ठभागाखाली काळवंडतं आणि पुढं पुष्कळ पॉलिश झालं की वर दिसायला लागतं. म्हणजे ही झाक सांगते की शिंग किती वेळा पुसलं गेलं. माझ्या शिंगावर ती सगळ्यात जास्त आहे नळीच्या मधल्या भागात, जिथं फडकं सहज फिरतं. माऊथपीसच्या गळ्यापाशी आणि पट्ट्याच्या आडोशाला चांदी अजून पांढरी आहे, घडवली त्या दिवशीच्या जवळपासची. ती झाक तशीच ठेवावी. ती काढायला बसलात तर पत्र्याची जाडी जाईल.

खोदकाम साधं आहे. हंटचं नाव, ज्याला दिलं त्याचं नाव, आणि मार्च १९११. त्या माणसाचं नाव इथं देत नाही. तारीख मात्र महत्त्वाची. शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होऊन वसंतात संपतो, त्यामुळे मार्च म्हणजे हंगामाअखेरची भेट, आणि शिक्क्याच्या सालाशी ती जुळते. खोदलेली तारीख शिक्क्याच्या आधीची निघाली तर पाऊल मागं घ्या. अक्षरं हाताच्या सळईनं कापलेली आहेत: नखानं चाचपलं तर खाच जाणवते, आणि खाचेच्या दोन्ही भिंती दिव्याखाली वेगवेगळ्या चमकतात. वेलबुट्टी नाही, कोल्ह्याचा मुखवटा नाही. मला हे साधेपण आवडतं. भरगच्च नक्षीची शिंगं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर खर्च नक्षीचा झालेला असतो आणि आतला सांधा कधी कधी वाकडा असतो.

आवाजाबद्दल. असल्या छोट्या शिंगातून सुरावट निघत नाही. फ्रान्समध्ये गोल वळसे असलेलं मोठं पितळी शिकारी शिंग असतं, त्यावर पूर्ण धून वाजते, आणि त्या वादनकलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. इंग्रजी शिंगाला जवळजवळ एकच सूर. जे सांगायचं ते श्वासाच्या लांबीनं आणि जिभेच्या ठोक्यानं. भरभर तुटक फुंकरा म्हणजे कुत्र्यांना चेव आणायचा. त्याहून उतावळी, वर चढत जाणारी माळ म्हणजे कोल्हा झुडपातून बाहेर पडून पळाला. संध्याकाळी लांब, थरथरता, खाली उतरत जाणारा सूर म्हणजे दिवस संपला, घरी चला. मला हे एका निवृत्त हंट्समननं त्याच्या परसात उभं राहून शिकवलं. ओठांची थरथर कशी धरायची ते मात्र मला शिकवावं लागलं नाही; आमच्याकडे जोतिबाच्या यात्रेत तुतारी ऐकत आणि एकदोनदा तोंडाला लावत लहानाचे मोठे झालेल्यांना ते येतंच.

हे शिंग मोकळ्या रानात वाजवलं. आवाज धारदार, सरळ जाणारा, लगेच पेटणारा. दीड-दोन शेतांपलीकडे उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला तो झाडांतून स्वच्छ ऐकू आला. चांदीमुळे आवाज गोड येतो असं विक्रेते म्हणतात. मी तांब्याचं आणि चांदीचं एकापाठोपाठ एक वाजवून बघितलं आहे, आणि माझं मत असं की आवाज ठरतो तो नळीच्या आतल्या उतारावर आणि माऊथपीसच्या वाटीवर. धातूचा हिशेब फार मागून येतो. म्हणून 'चांदीचा आवाज' या नावाखाली कुणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका.

तक्रारीही आहेत. माऊथपीसची कड अरुंद आहे, दहा मिनिटांत ओठांवर वळ उठतो. हातमोजा घालून घोड्यावर वाजवणाऱ्याला हे चालत असेल, हौसेनं वाजवणाऱ्याला त्रास होतो. मूळचं कातडी म्यान नाही. ते असतं तर किंमत बरीच वर गेली असती, पण शिंग जास्त सुरक्षित राहिलं असतं. सालाचं अक्षर निम्मं पुसलं आहे आणि तिरप्या उजेडातच वाचता येतं. आणि तोंडाचा पत्रा खरोखर फार पातळ आहे. लहान मुलं असलेल्या घरात हे शिंग टेबलावर ठेवू नये.

बाजारात फसवणूक कुठं होते तेही सांगते, कारण माझ्या बेंचवर त्याचे पुरावे येतात. एका ओळखीच्या गृहस्थांनी ऑनलाइन लिलावात 'अँटिक सिल्व्हर हंटिंग हॉर्न' म्हणून घेतलेलं शिंग माझ्याकडे आणलं. ते जर्मन सिल्व्हरचं होतं: तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा कणही नाही. शिंग म्हणून ते चांगलं होतं, वाजतही होतं, पण त्यांनी पैसे चांदीचे मोजले होते. दुसरा प्रकार चांदीचं पाणी दिलेल्या शिंगांचा. विजेनं मुलामा द्यायच्या पद्धतीचं पेटंट १८४० मध्ये आमच्याच बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं घेतलं, आणि त्यानंतर मुलाम्याच्या वस्तूंवर चांदीच्या शिक्क्यांसारख्या दिसणाऱ्या खुणा मारायची चाल पडली. ढाल, अक्षरं, मुकुट असं काहीबाही असतं. सिंह शोधा. सिंह नसेल तर ते इंग्लंडमध्ये तपासलेलं जुनं स्टर्लिंग नाही. कडेवर आणि माऊथपीसच्या ओठावर पिवळट किंवा तांबूस धातू डोकावत असेल तर मुलामा झिजला आहे. आणि मुंबईच्या चोरबाजारात जी 'इंग्रजांच्या काळातली' शिंगं टांगलेली असतात, त्यांतली बहुतेक अलीकडची पितळी नक्कल असते, मुरादाबादकडची. शोभेला घ्यायला काहीच हरकत नाही, पण शोभेच्या भावात.

आपल्याकडे खरी जुनी शिंगं येणं अशक्य मात्र नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी उटीला, आणि पुणे-खडकीच्या छावणीतही, विलायतेसारखी हाउंड पाळली होती. इंग्लंडचा तांबडा कोल्हा इथं नव्हता, म्हणून आपल्या माळावरच्या कोल्ह्यामागं घोडे घातले. तेव्हा कुणाच्या आजोबांच्या पेटीत वीतभर सरळ नळी सापडली तर ती भंगारात घालण्याआधी भिंगाखाली धरा.

चांदी आणि शिंग यांचं नातं किती जुनं आहे हे बघायचं असेल तर लंडनमध्ये दोन जागा आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये सॅव्हरनेक शिंग आहे: हस्तिदंताचं, आणि त्यावर चौदाव्या शतकातले सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे पट्टे, पारदर्शक मिन्यात राजा, बिशप, वनरक्षक आणि शिकारीतले प्राणी. चांदीत आकृती खोल-उथळ कोरून वर मिना ओतला आहे, त्यामुळे जिथं खोल तिथं रंग गडद. त्या कामापुढं मी बोलू शकत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये प्युसी शिंग आहे, बैलाच्या शिंगाला चांदीचे पट्टे बसवलेलं. राजा कनूटनं या शिंगाच्या साक्षीनं जमीन दिली असा मजकूर त्यावर आहे. तिथं चांदी फक्त अंगावरचा दागिना आहे. माझ्या शिंगात सगळं अंगच चांदीचं, आणि लपायला जागा नाही.

शिकारीबद्दल माझं मत विचारलं जातं म्हणून सांगते. जिवंत कोल्ह्यामागं कुत्र्यांचा तांडा सोडणं मला पटत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये फेब्रुवारी २००५ पासून ते कायद्यानं बंद आहे आणि ते योग्यच झालं. शिंग घडवणाऱ्यानं मात्र कुठलाही कोल्हा मारला नव्हता. तो चार भिंतींच्या आत विस्तवासमोर बसून पत्रा सरळ कापत होता, आणि त्याच्या कामाचं मोल मी त्याच्या कामावरूनच करते.

घेतलं तर सांभाळायचं कसं: वाजवून झाल्यावर आतला ओलावा मऊ सुती कापडाची लांब पट्टी ओढून पुसा, नाहीतर आतला सांधा काळा पडत जातो. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र यांपासून दूर ठेवा. लॅकर मारू नका. चकाकणारी पॉलिशची पेस्ट वर्षातून एकदाही पुष्कळ झाली. एरवी कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडकं. शिक्क्यांवर आणि अक्षरांवर बोट जोरानं फिरवायचं नाही. पोचा पडला तर घरच्या घरी आतून लाकूड घालून ठोकू नका. निमुळता गज असलेल्या माणसाकडेच न्या, कारण एक वेडावाकडा ठोका त्या सरळ सांध्यावर बसला तर तो पुन्हा तसा झाळणारा हात मिळणं कठीण आहे.